कॅमेरा हातातून सुटला की बढती होते का?

आपल्याकडे एखादा कॅमेरामन दिग्दर्शक झाला की लोक कौतुकाने हमखास म्हणतात, 'शेवटी झालास बाबा डायरेक्टर!' ते 'शेवटी' मला खुपतं. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस पहाटे चारला उठून ऊन कुठून येणार ते बघत होता, पावसात कॅमेऱ्यावर छत्री धरायला लावून स्वतः भिजत होता, नटाच्या तोंडावरची सावली जरा जरी चुकली तरी टेक थांबवत होता, ते सगळं नुसतं जिना चढणं होतं? आणि दिग्दर्शकाची खुर्ची म्हणजे वरचा मजला? मला हे पटत नाही आणि कधीच पटलेलं नाही.

हे डोक्यात पक्कं बसलं ते यान ट्रोएलमुळे. हा स्वीडनचा माणूस, १९३१ साली मालमोजवळच्या लिमहामनमध्ये जन्मलेला. स्वीडनचाच दिग्दर्शक इंगमार बर्गमन, त्याचं नाव आपल्याकडे सिनेमाची थोडीफार आवड असलेल्या कुणालाही ठाऊक असतं, ट्रोएलचं फार कमी लोकांना. मी त्याचा पहिला सिनेमा पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या शोला पाहिला होता, मोजून वीसेक माणसं होती हॉलमध्ये, आणि बाहेर आल्यावर कुणीच बोलेना. नंतर शोधून शोधून बाकीचे पाहिले.

ट्रोएल मुळात प्राथमिक शाळेतला शिक्षक. मालमोत बरीच वर्षं त्याने मुलांना शिकवलं आणि शाळा सुटल्यावर, सुट्टीत, जमेल तसे छोटे छोटे सिनेमे केले. त्याच शहरातला दिग्दर्शक बू विदरबर्ग तेव्हा स्वीडिश सिनेमाशी जाहीर भांडत होता, की नुसतं देव आणि माणूस म्हणत वर आकाशाकडे बघणं पुरे, आता शेजारी राहणाऱ्या माणसाकडे बघा. त्याने १९६३ मध्ये 'बार्नवाग्नेन' म्हणजे 'बाबागाडी' हा पहिला मोठा सिनेमा केला तेव्हा कॅमेरा दिला या मास्तरच्या हातात. कृष्णधवल सिनेमा आहे, एका साध्या मुलीची गोष्ट, पण कॅमेरा असा फिरतो की जणू शेजारच्या घरातलं कुणीतरी बघतंय. पुढे १९६५ मध्ये ट्रोएलने एक लघुपट केला, नट मॅक्स फॉन सिडो त्यात रेल्वेचा ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा, आहे आणि तो मधेच कुठेतरी आडरानात गाडीतून उतरतो, बस, एवढंच. १९६६ मध्ये पहिला पूर्ण लांबीचा 'हेअर इज युअर लाइफ'. आयविंद यॉन्सन या लेखकाच्या आत्मचरित्रात्मक कादंबऱ्यांवरचा, आणि या लेखकाला पुढे १९७४ मध्ये नोबेल मिळालं. दिग्दर्शन ट्रोएलचं, कॅमेरा ट्रोएलचा, एडिटही ट्रोएलचं. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण आपण म्हणतो 'कॅमेरामनचा दिग्दर्शक झाला', पण या माणसाने कॅमेरा सोडलाच नाही! तो दिग्दर्शक झाला तो कॅमेरा खांद्यावर असतानाच.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवायची. तिला मुख्याध्यापक व्हायची वेळ आली तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला आणि ती एकटी गप्प होती. झाली मुख्याध्यापक, आणि मग पोषण आहाराच्या नोंदी, व्यवस्थापन समितीच्या मीटिंगा, बांधकामाची बिलं, तालुक्याला चकरा. पहिलीचा वर्ग गेला दुसऱ्या बाईंकडे. ती कधी तक्रार करायची नाही पण दुपारी मधल्या सुट्टीनंतर पाच मिनिटं त्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहायची, मी स्वतः पाहिलंय. चांगलं शिकवणाऱ्याला शिकवण्यातून बाहेर काढणं याला आपण बढती म्हणतो. शाळेत म्हणतो, हॉस्पिटलात म्हणतो, कारखान्यात म्हणतो, आणि सिनेमातही तेच म्हणतो.

ट्रोएलने शाळेवरही सिनेमा केला, १९६८ चा 'ओले दोले दोफ'. एक शिक्षक आहे, वाईट माणूस नाही, पण वर्ग त्याच्या हातात राहत नाही, मुलं त्याला खेळवतात, आणि हळूहळू ते खेळणं भयंकर होत जातं. पेर ऑस्करसनने ते काम केलंय. वर्गातली मुलं ज्या पद्धतीने टिपलीत ना, ते ज्याने स्वतः वर्गासमोर उभं राहून चाळीस डोळे अंगावर घेतलेत त्यालाच जमेल. कॅमेरा कधी मुलांच्या बाकावर असतो तर कधी मास्तरच्या मानेमागे, आणि आपल्याला दोघांचीही भीती वाटते. या सिनेमाला बर्लिन महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, गोल्डन बेअर, मिळालं.

आता मुख्य गोष्ट. 'द एमिग्रंट्स' १९७१ आणि 'द न्यू लँड' १९७२. विल्हेल्म मोबर्गच्या चार कादंबऱ्यांवरचे दोन सिनेमे, दोन्ही मिळून साडेसहा तासांच्या आसपास. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्वीडनच्या स्मोलांद भागातलं एक शेतकरी कुटुंब, दगडांनी भरलेली जमीन, कर्ज, दुष्काळ, आणि शेवटी जहाजात बसून अमेरिकेत मिनेसोटाला जाणं. कार्ल ऑस्कर झालाय मॅक्स फॉन सिडो, क्रिस्टिना झालीय लिव्ह उलमन. दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग तिन्ही ट्रोएलचं, पटकथा निर्माता बेंग्त फोर्सलुंडच्या सोबतीने.

लोकांचा कॅमेरामन-दिग्दर्शकांवरचा जुना आरोप असा की हे चित्रं सुंदर काढतात पण गोष्ट सांगता येत नाही. कधीकधी तो खरा असतो, मी असे सिनेमे पाहिलेत ज्यात प्रत्येक फ्रेम कॅलेंडरवर लावण्यासारखी आणि दोन तासांत एक माणूस आठवत नाही. पण 'द एमिग्रंट्स'मध्ये ती छोटी मुलगी आहे ना ॲना, भुकेने कासावीस झालेली, घरात जवाची लापशी शिजवून ठेवलीय, ती कुणाला न सांगता पोटभर, पोटापेक्षा जास्त खाते, आणि ती लापशी पोटात फुगते आणि पोर मरते. दुष्काळात माणसं उपाशी मरतात हे आपल्याला माहीत असतं, इथे मूल खाऊन मरतं. हा प्रसंग कुठलाही दिग्दर्शक रडारड करून, म्युझिक टाकून वाजवू शकला असता. ट्रोएल कॅमेरा घरातल्या माणसाच्या अंतरावर ठेवतो. अंधारं घर, खिडकीचा थोडा उजेड, आईचा चेहरा. त्यानंतर अमेरिकेला जायला नको म्हणणारी क्रिस्टिना गप्प होते आणि आपल्याला कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. हे चित्र सुंदर काढणं आहे की गोष्ट सांगणं? मला तरी यातली रेघ दाखवता येणार नाही.

आणि दुसऱ्या भागातला तो हिमवादळाचा प्रसंग. कार्ल ऑस्कर लहान मुलाला घेऊन बैलगाडीने घरी निघालाय, वादळात रस्ता दिसेनासा होतो, पोर गारठून मरायला लागतं. तो बैल मारतो, त्याचं पोट फाडतो आणि पोराला त्या गरम पोटात ठेवतो. आपल्याकडच्या वाचकाला बैल म्हणजे शेतकऱ्याच्या घरात काय असतं ते वेगळं सांगायला नको. पांढऱ्या बर्फात तो लाल रंग, वाफा, आणि बापाचे हात, आणि कॅमेरा कुठेही 'बघा मी काय शॉट घेतलाय' म्हणत नाही, तो त्या माणसाइतकाच घाईत आणि घाबरलेला आहे, कारण तो धरणारा माणूसच ठरवत होता की आता काय होणार. मॉनिटरसमोर बसून 'अजून थोडा डावीकडे' असं सांगून हे येईल का? कुणाकुणाला येत असेल, मी नाही म्हणत नाही. पण ट्रोएलला ते हातातूनच यायचं.

आता ऑस्करचं बघा. 'द एमिग्रंट्स'ला आधी परभाषिक चित्रपटाचं नामांकन मिळालं, आणि अमेरिकेत तो नंतर लागल्यामुळे पुढच्या वर्षी, म्हणजे १९७३ च्या समारंभात, पुन्हा चार नामांकनं मिळाली: सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेत्री आणि आधारित पटकथा. त्याच वर्षी 'द न्यू लँड'ला परभाषिक विभागात वेगळं नामांकन. एवढं सगळं, आणि कॅमेऱ्यासाठी काही नाही. म्हणजे ज्या हाताने तो सिनेमा बनला त्याच हाताचं नाव यादीत नाही, आणि त्याच माणसाचं नाव दिग्दर्शक आणि लेखक म्हणून मात्र आहे. त्या वर्षीच्या इतर कॅमेरामनांवर माझा राग नाही, 'कॅबरे' त्यात होता आणि त्याचा कॅमेरा चांगलाच आहे. मला फक्त हे दिसतं की एकदा माणसाला दिग्दर्शक म्हटलं की त्याचा कॅमेरा लोकांना दिसायचा बंद होतो, जसं काय तो आता आपोआप चालतो.

मग झालं काय, हॉलिवूडने बोलावलं. १९७४ चा 'झँडीज ब्राइड', जीन हॅकमन आणि लिव्ह उलमन. आणि तिथे युनियनचे नियम, दिग्दर्शकाने कॅमेरा चालवायचा नाही. ट्रोएलच्या जागी कॅमेऱ्यावर जॉर्डन क्रोननवेथ, तोच ज्याने पुढे 'ब्लेड रनर' शूट केला, म्हणजे साधासुधा माणूस नव्हे. सिनेमा वाईट नाही, पण ट्रोएल त्यात पाहुण्यासारखा वाटतो. नंतर १९७९ मध्ये 'हरिकेन', बोरा बोरा बेटावर, दिनो दे लॉरेन्तीसचा प्रचंड पैसा, आधी दुसऱ्या दिग्दर्शकाकडे असलेला प्रोजेक्ट ऐनवेळी ट्रोएलकडे आला. आणि कॅमेऱ्यावर कोण, तर स्वेन न्युकविस्त! बर्गमनचा न्युकविस्त, ज्याला 'क्राइज अँड व्हिस्पर्स'साठी ऑस्कर मिळून चुकलं होतं. स्वीडनचे दोन सगळ्यात मोठे उजेड ओळखणारे हात एकाच बेटावर, आणि सिनेमा साफ पडला. ज्या माणसाने साडेसहा तासांचा सिनेमा जवळजवळ एकहाती तोलून धरला होता त्याला सगळ्यात जास्त पैसा, सगळ्यात मोठी यंत्रणा आणि जगातला सगळ्यात चांगला कॅमेरामन दिला, पण त्याच्या हातातला कॅमेरा काढून घेतला. व्यवहाराच्या भाषेत ही त्याची सगळ्यात मोठी बढती होती!

इथे युनियनवाल्यांची बाजू मला सांगितलीच पाहिजे, कारण ती खरी आहे. नियम उगाच झालेला नाही. निर्माते असे असतात की दिग्दर्शकालाच कॅमेरा धरायला लावून एका पगारात दोन कामं करून घेतील आणि कॅमेरामन, ऑपरेटर, फोकस पुलर म्हणजे फोकस सांभाळणारा, लाइटमन घरी बसतील. आपल्याकडे तर हे सर्रास चालतं, छोट्या बजेटच्या सेटवर एकच मुलगा कॅमेरा, लाइट आणि नंतर एडिटसुद्धा करतो आणि पैसे मात्र एकाचेच मिळतात, तेही मागे लागून. मी स्वतः अशा सेटवर काम केलंय आणि उरलेले पैसे मला अजून मिळालेले नाहीत. तेव्हा नियम हवेत, नियमाने लोकांची चूल पेटते. पण नियमाचा हेतू माणसाचं काम वाचवणं हा होता, माणसाच्या हातून त्याचं काम काढून घेणं हा नव्हता. ट्रोएलला कॅमेरा धरू द्या आणि एका कॅमेरामनचा पूर्ण पगार वेगळा भरा, असं करता आलं असतं. ते तेव्हा कुणाला सुचलं नाही की परवडलं नाही ते जाऊ दे, पण आज तरी सुचायला हरकत नाही.

न्युकविस्तची गोष्ट उलटी आणि तितकीच महत्त्वाची. १९२२ चा जन्म, तोही स्मोलांदचाच, आईवडील काँगोमध्ये मिशनरी. बर्गमनबरोबर वीसेक सिनेमे. 'विंटर लाइट'च्या आधी हे दोघं एका चर्चमध्ये जाऊन तासन्‌तास नुसते बसले होते, हिवाळ्यातला उजेड भिंतीवरून कसा सरकतो ते बघत. दोन ऑस्कर, दुसरं 'फॅनी अँड अलेक्झांडर'साठी. आपल्याकडेही येऊन गेलाय तो, शशी कपूर आणि सिमी गरेवालचा 'सिद्धार्थ' त्यानेच शूट केला, तो १९७२ मध्ये आला. मधे मधे त्याने दिग्दर्शन केलं, १९६५ सालीच एक सिनेमा केला होता, पण जो नावाजला गेला तो १९९१ चा 'द ऑक्स'. पुन्हा स्मोलांद, पुन्हा दुष्काळ, १८६० चं दशक, आणि पुन्हा बैल: एक गडी बायकापोरांच्या भुकेपायी मालकाचा बैल मारतो आणि आयुष्यभर त्याचं ओझं वाहतो. स्टेलान स्कार्सगोर्द त्यात आहे, लिव्ह उलमन आणि फॉन सिडोही आहेत. ऑस्करच्या परभाषिक विभागात नामांकन मिळालं. आता आपल्या हिशेबाने हा माणूस 'शेवटी' डायरेक्टर झाला, मग त्याने पुढे काय करायला हवं होतं? त्याने पुन्हा कॅमेरा घेतला. १९९३ मध्ये 'स्लीपलेस इन सिएटल' आणि 'व्हॉट्स ईटिंग गिल्बर्ट ग्रेप' हे त्याच्या कॅमेऱ्याने आले. दुसऱ्यांच्या सिनेमांवर, दुसऱ्यांच्या गोष्टींसाठी. याला कुणी पदावनती म्हणेल का? त्याला जी गोष्ट स्वतः सांगायची होती ती सांगितली आणि तो आपल्या कामावर परत गेला. मला हे फार मोठं वाटतं.

डेन्मार्कचा मिकाएल सालोमोन म्हणजे तिसरी तऱ्हा, 'द ॲबिस'चं छायाचित्रण करणारा, तो नंतर खरोखर दिग्दर्शनात गेला आणि बहुतेक टीव्हीवर रमला, 'बँड ऑफ ब्रदर्स'चे दोन भाग त्याचे आहेत. चांगले आहेत. त्याला तेच हवं असेल, त्यातही काही चूक नाही.

ट्रोएल हॉलिवूडहून घरी आला आणि कॅमेरा पुन्हा हातात घेतला. १९८२ चा 'फ्लाइट ऑफ द ईगल' मला त्याच्या सगळ्यात जवळचा सिनेमा वाटतो. १८९७ च्या जुलैमध्ये अँद्रे नावाचा इंजिनिअर दोन साथीदारांना घेऊन बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला, तीन दिवसांच्या आत बलून बर्फावर उतरलं, आणि मग महिनोन्‌महिने पायी, स्लेज ओढत, अस्वलं मारून खात, शेवटी एका ओसाड बेटावर तिघंही मेले. कुणाला पत्ता नाही. १९३० मध्ये, तेहतीस वर्षांनी, त्यांचे अवशेष सापडले आणि सोबत कॅमेऱ्याची फिल्म. बर्फात गोठलेली. ती काळजीपूर्वक धुतली तेव्हा ९३ फोटो निघाले. बर्फावर आडवं पडलेलं ते बलून आणि त्याच्याकडे बघत उभी असलेली दोन माणसं हा फोटो एकदा पाहिला की विसरता येत नाही. तो काढणारा तिघांतला सगळ्यात लहान, निल्स स्ट्रिंडबर्ग. मला नेहमी वाटतं की ट्रोएलने हा सिनेमा नेता अँद्रेसाठी जेवढा केला तेवढाच त्या फोटो काढणाऱ्या पोरासाठी केला. आपण वाचणार नाही हे कळत असताना तो फोकस लावतोय, उजेड बघतोय, फिल्म बदलतोय! त्याला कुणी विचारलं असतं का, की तू मोहिमेचा प्रमुख कधी होणार?

आणि मग २००८. ट्रोएल सत्याहत्तरीला आलेला, 'एव्हरलास्टिंग मोमेंट्स'. बायको अग्नेताच्या वडिलांकडच्या नात्यातल्या एका बाईची खरी गोष्ट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं मालमो, गोदीत काम करणारा दारुडा नवरा, घरभर पोरं, संप, उपास. मारियाला कधीकाळी लॉटरीत एक कॅमेरा लागलेला, तो ती पैशांसाठी विकायला फोटो स्टुडिओत नेते. स्टुडिओवाला पेडरसन विकत घेण्याऐवजी तिला दाखवतो हा काय आहे ते. खिडकीच्या काचेवर एक फुलपाखरू फडफडतंय. तो भिंग धरतो आणि त्या फुलपाखराचं चित्र मारियाच्या तळहातावर पडतं. कपडे धुऊन, शिवणकाम करून राठ झालेला तो हात, आणि त्यावर उजेडाचं फुलपाखरू हलतंय, आणि ती हात मिटत नाही. मी हा प्रसंग किती वेळा पाहिलाय त्याला मोजदाद नाही. कॅमेरा हे वरच्या पदावर जायचं साधन नाहीच त्या बाईसाठी, तिला कुठे जायचंच नाहीये, तिला फक्त बघायचंय. या सिनेमाच्या छायाचित्रणाला दोन नावं आहेत, ट्रोएल आणि मिशा गाव्रिउशोव. वय झालं, खांदा थकला असेल, तर दुसऱ्याचा हात घेतला, पण स्वतःचं नाव त्या ओळीतून काढलं नाही.

आपल्याकडे ही परंपरा आहे, फक्त आपण तिला नाव देत नाही. गोविंद निहलानींनी बेनेगलांसाठी 'अंकुर' शूट केला आणि नंतर तेंडुलकरांच्या पटकथेवर 'आक्रोश' केला तेव्हा कॅमेरा त्यांचाच होता, 'अर्धसत्य'लाही त्यांचाच. अविनाश अरुणने 'किल्ला' दिग्दर्शित केला आणि स्वतःच शूट केला, कोकणातला तो पाऊस, ती हिरवी शेवाळलेली भिंत आणि तिला टेकून बसलेलं वडील गेलेलं पोर, हे दोन वेगळ्या माणसांचं काम नाहीच वाटत. 'सैराट' ज्यांच्या कॅमेऱ्याने दिसला त्या सुधाकर रेड्डी यक्कंटींनी 'नाळ' केला. या सगळ्यांबद्दल आपण बोलताना 'कॅमेरामन असून किती छान दिग्दर्शन केलं' असं म्हणतो. 'असून'! तो शब्द काढून तिथे 'असल्यामुळे' टाकून बघा, वाक्य लगेच खरं होतं.

आणि हा फक्त कौतुकाच्या शब्दांचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. आपले राज्य पुरस्कार जाहीर होतात तेव्हा छायालेखन येतं 'तांत्रिक' विभागात, पेपरात त्याची बातमी वेगळी आणि छोटी. उजेड ओळखणं तांत्रिक कधी झालं? चार हजार रुपये मिळवून फोकस ओढणारा मुलगा ती बातमी वाचतो आणि त्याला कळतं की आपण खालच्या मजल्यावर आहोत, मग तो पहिल्या संधीला कॅमेरा सोडून दिग्दर्शक व्हायला बघतो, सांगायला गोष्ट असो वा नसो. त्यात कधी एक बरा कॅमेरामन जातो आणि एक सुमार दिग्दर्शक येतो. तो 'तांत्रिक' शब्द काढायला पैसे लागत नाहीत, अध्यादेश लागत नाही, फॉर्मवरचं एक हेडिंग बदलायचंय. पोस्टरवर दिग्दर्शकाच्या नावाखाली त्याच आकारात छायालेखकाचं नाव टाकायलाही कुणाची परवानगी लागत नाही. आणि जो दिग्दर्शक स्वतः कॅमेरा धरतो त्याला दोन्हींचं मानधन द्या, दोन वेगवेगळ्या करारांवर, आणि त्याच्या सोबतच्या ऑपरेटरची, लाइटमनची रोजची हजेरी कापू नका.

पुढच्या वेळी कुणी पोरगं कॅमेऱ्यातून दिग्दर्शनात आलं तर मी त्याला एवढंच विचारणार आहे, की कॅमेरा अजून तुझ्याकडे आहे ना?